डाव्या बाजूचं पाणी

अहो, पाणी सापडलं.

सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं आणि नेमके तुम्हीच नाही. बाकी गावाला सांगून झालं. आपल्या मल्लूला पुण्याला फोन केला, माझ्या बचत गटातली सुरेखा आणि गॅरेजवाला जावेद तर हाताशीच होते. पण ज्या माणसाशी मी या पाण्यावरून इतके पावसाळे भांडले, त्याच्या कानावर घातल्याशिवाय ते सापडलं असं मला वाटेना. म्हणून आज भाकरीचं काम उरकून लिहायला बसले. तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, तुम्हाला माती द्यायला किती माणूस लोटला, कोण काय बोललं, ते मी लिहिणार नाही. मी गाडीचं लिहिते. आपला निम्मा संसार शेवटी शेवटी त्या गाडीतच झाला.

गाडीचं खूळ तुमचं. आम्ही बचत गटाच्या चार बाया कडक भाकरी करायचो, ती लोहाऱ्याच्या बाजारात खपायची, मला तेवढं पुरे होतं. तुम्ही म्हणालात, जळकोटला हायवेवर धाबे आहेत, तिथं भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली तर पुरायची नाही. तुमचं खरं निघालं. पण वडापच्या जीपमधून भाकरी नेली की लोकांच्या गुडघ्यांत तिचा भुगा व्हायचा. मग एक दिवस तुम्ही मला न विचारता, उमरग्याहून जुनी पांढरी गाडी घेऊनच दारात उभे राहिलात. मी बरेच दिवस धड बोलले नाही. मग पुढच्या सीटवर बसले आणि राग विसरले, हेही सांगून टाकते.

तेव्हापासून सोमवारी जळकोटची खेप. अंघोळ करून, कपाळाला विभूती ओढून तुम्ही परसातल्या बेलाचं पान तोडायचात आणि गाडीला वाहायचात. पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीवर आधी बोट फिरवायचात, मग वाऱ्यानं उडू नये म्हणून पानाचा देठ तिथं खोचायचात, हात जोडायचात आणि मग चावी फिरवायचात. मी आत बसून घड्याळ बघायची. भाकरीचे खोके माझ्या पायाशी, मागच्या सीटवर, जिथं जागा मिळेल तिथं.

आणि पावसाळा लागला की माझ्या पायाखाली पाणी. फक्त माझ्या. तुमच्या बाजूला ठणठणीत कोरडं, आणि माझ्या बाजूची मॅट उचलावी तर खाली डबकं. गाडीत ओल्या गोणपाटाचा वास. कडक भाकरी म्हणजे लई मानी वस्तू, अहो, तुम्हाला मी काय सांगू. पातळ थापायची, मंद आचेवर कडक करायची, की आठवडेच्या आठवडे टिकते. पण जरा ओल लागली की मान टाकते. जळकोटला पोचेपर्यंत पायाजवळच्या खोक्यातली भाकरी वाकायला लागायची. धाबेवाला ती हातात घेऊन नुसता माझ्याकडं बघायचा. त्याच्या त्या बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तुमचा निकाल ठरलेला. "नंदे, तुझ्या जारचं झाकण सैल हाय." येताना आपण फिल्टरच्या पाण्याचा जार भरून आणायचो, तो माझ्या पायाशी असायचा, म्हणून सगळं खापर त्याच्यावर. मी म्हणायची, जार घरी भरलेला उतरतो, मग सांडतं ते कुठलं? तुम्ही म्हणायचात, भरलेला दिसतो. शेवटी इरेला पेटून मी तो जार जळकोट ते लोहारा मांडीवर घेऊन बसायला लागले. रस्त्यातले सगळे खड्डे माझ्या मांड्यांनी मोजले. तरी पाणी यायचं ते आलंच. मग तुम्ही म्हणालात, तुझी छत्री गळत असंल.

मी सांगत होते की पाणी पुढून येतंय, वरून येतंय. तुम्ही म्हणायचात, तुला गाडीतलं काय कळतं. मला कळत नव्हतंच. पण पाय माझे ओले होत होते, तुमचे नाही. भांडण रंगात आलं की तुम्ही "साकु" म्हणायचात. सासूबाईंचं माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, त्यामुळं राग आला की तुम्ही कानडीवर जायचात. साकु म्हणजे पुरे. एकदा पुरे म्हटलं की भांडण संपलं असं तुम्हाला वाटायचं. माझं कधीच संपत नव्हतं, ते मी पुढच्या सोमवारसाठी ठेवून द्यायची.

उपाय मात्र तुम्ही कमी केले नाहीत, ते मान्य करते. दाराचं रबर बदललंत. काचेच्या कडेनं सिलिकॉन भरलंत, ते करताना दाढीलाही लागलं आणि चांगले दिवसभर ओरबाडत बसलात. जावेदनं एसीचं पाणी जायची नळी फुंकून साफ केली. सगळं झालं, पाणी तिथंच. मग वैतागून तुम्ही ड्रिल मशीन आणलंत. म्हणे गाडीच्या तळालाच एक भोक पाडतो, आलेलं पाणी आपोआप जाईल. मी त्या ओल्या मॅटवर फतकल मारून बसले आणि उठलेच नाही. जावेद हसत होता आणि तुम्ही साकु, साकु करत होतात. अहो, तेव्हा इतका राग आला होता तुमचा. आता तो दिवस आठवला की कुणीतरी हातात गरम भाकरी दिल्यासारखं वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा पावसाची झड लागली होती. गाडी बंद, काचा बंद, कुणाला तिची आठवण? सगळे विधी झाल्यावर मल्लूनं सहज दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. मॅटवर बुरशीची लव आली होती. त्यानं वाकून गालिचा उचलला, पत्रा बघितला आणि माझ्याकडं वळला. त्याच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक उमरग्याला होतं, ते आहे तशी गाडी उचलायला तयार होतं. तो वाईट बोलला नाही हो. माझ्या काळजीनंच बोलला. आई, पत्रा सडायला लागलाय, तू काही चालवणार नाहीस, उगीच दारात सडवण्यापेक्षा जाऊ दे.

त्यात चूक काय होती? लायसन्स तुम्ही मला काढून दिलं होतं खरं. पण रिव्हर्स घेताना मी मागचा दिवा पाण्याच्या हौदावर फोडला, त्यानंतर स्टिअरिंग तुमच्याकडंच राहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा शिकवतो म्हणालात आणि तो पुढचा महिना काही उगवला नाही. सरळ रस्त्याला मी चालवायची, शेताच्या वाटेवर, तुम्ही शेजारी डोळे मिटून. पण गाडी गेली की जळकोट गेलं. जळकोट गेलं की आमच्या चार चुलींतल्या दोन तरी थंड. सुरेखाचा नवरा पडून असतो, तिचं घर त्या भाकरीवर आहे. आणि खरं सांगू का, मला तुमची सीट विकायची नव्हती. हे मी मल्लूला बोलले नाही. त्याला एवढंच विचारलं, गाडी कोरडी झाली तर?

त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, "कोरडी झाली आणि भर पावसात तू एकदा जळकोटला जाऊन आलीस, तर ठेव. नाहीतर गिऱ्हाइकाला हो म्हणतो." आणि तो पुण्याला गेला.

ऊन पडलं तसं आम्ही कामाला लागलो, सुरेखा आणि मी. सीट पुढं-मागं सरकवून गालिचा बाहेर ओढला आणि परसात वाळत घातला. आतला पत्रा फडक्यानं टिपून कोरडा केला. गाडीवर पाणी ओतून बघितलं तर लगेच खाली डबकं, पण ते आलं कुठनं ते कळेना. पाणी शेवटी सखल जागीच जाणार, त्यावरून त्याची वाट कळत नाही. तेव्हा मला आपली परात आठवली. परात कोरडी आहे का हे आम्ही कसं बघतो? चिमूटभर पीठ भुरभुरतो. जिथं ओल असेल तिथं पीठ काळपट होऊन धरून बसतं. पीठ थेंब लपवत नाही.

मग काय, चाळणीतून गाडीला ज्वारीचं पीठ भुरभुरलं. तळाच्या पत्र्यावर, दाराच्या कडेला, पुढं डॅशबोर्डच्या खाली हात जाईल तिथपर्यंत. सुरेखा म्हणाली, "वैनी, आता गाडीचीच भाकरी थापता का?" तिला बॅटरी देऊन आत बसवली आणि मी बाहेरून तांब्यानं पाणी घालत गेले. खालून वर, कारण वरून घातलं की सगळीकडंच ओघळतं. आधी दाराची खालची कड. पीठ पांढरं. मग दाराची काच. पांढरं. मग पुढच्या काचेची कड, जिथं तुम्ही सिलिकॉन भरलं होतं. तिथं मी दोन तांबे जास्तीच ओतले. एक थेंब आत गेला नाही. तुमचं काम पक्कं होतं हो, हे मी नंतर जावेदसमोरही बोलले. तुम्ही असतात तर नसते बोलले.

राहिली काचेखालची काळी जाळी. तुमच्या बाजूनं पाणी घातलं, ते घटाघटा गेलं आणि पुढच्या चाकामागून खाली पडलं. मग माझ्या बाजूनं घातलं. गेलं, पण खाली काही पडेना. आणखी घातलं. जाळीत पाणी दिसायला लागलं, तुंबलेल्या मोरीसारखं. तेवढ्यात आतून सुरेखाचा आवाज आला. "वैनी, आलं! पंख्यातनं आलं!" डॅशबोर्डच्या मागं, हवा खेचणारा पंखा असतो तिथून, पिठाची एक रेघ भिजत भिजत खाली उतरत होती. मी म्हणत होते ना, पुढून येतंय, वरून येतंय?

वायपर काढायला जावेदला बोलावलं. त्यानं स्क्रू काढले, जाळी उचलली आणि बाजूला झाला, कारण मी आधीच हात घातला होता. कोपऱ्यात पाणी जायचं भोक होतं, त्याच्यावर काळा लगदा गच्च बसला होता. मला वाटलं चिखल. मूठ मूठ काढून बादलीत टाकला आणि वरून पाणी घातलं. चिखल विरघळला नाही. सुटा झाला. एका देठाला तीन पानं. दुसऱ्या देठाला तीन पानं. खालची कुजून जाळी झालेली, वरची नुसती तपकिरी, आणि अगदी वरचं एक अजून थोडं हिरवं.

बेल. तुमचा बेल, अहो, सोमवारचा.

सुरेखानं ओलाच हात कपाळाला लावला. जावेद बादलीकडं बघत उभा राहिला. मी मात्र हसले. आधी हसलेच मी, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मांडीवर जार घेऊन हिंडले आणि चोर कपाळाला विभूती लावून शेजारी बसला होता. आता मला कळलं तुम्ही बोटानं तिथं काय करायचात. मला वाटायचं धूळ झाडताय. वाळलेलं पान रस्त्यात पडून कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून तुम्ही ते जाळीतून आत सारायचात आणि नवं खोचायचात. देवाचं निर्माल्य पायदळी जाऊ दिलं नाहीत, आणि सगळं पाणी माझ्या पायाशी आणून सोडलंत. जावेदनं विचारलं, चाचीजी, हसताय काय?

मग त्यानं तुमच्या बाजूची जाळीही उचलली, म्हणाला तिकडंही साफ करून टाकू. तिकडं साफ करण्यासारखं काही नव्हतं. धूळ होती आणि एक मेलेली गांधीलमाशी. पान एकही नव्हतं. मी दोनदा हात फिरवला. मग माझं हसणं थांबलं.

रात्री मल्लूला सांगितलं तर तो म्हणाला, आई, बेलाचं झाड त्या बाजूला असेल, अप्पांना जवळ पडत असेल. अरे बाबा, म्हटलं, झाड हौदापाशी आहे. तुझे अप्पा गाडी कायम रस्त्याकडं तोंड करून लावायचे. झाडाकडून आलं की आधी त्यांची बाजू येते. ते पान घेऊन बोनेटला वळसा घालून माझ्या बाजूला यायचे. दर सोमवारी. मी काचेतून बघत होते की, आणि मनात म्हणत होते, हा माणूस उगीच उशीर करतो.

मल्लू म्हणाला, "अप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही." मी म्हटलं, तुझ्या अप्पांना बोलायची सवय कुठं होती, साकु म्हणायची होती.

मी एकदा विचारलं होतं तुम्हाला, ही पूजा कुणाची? तुम्ही म्हणालात, गाडीची. अहो, गाडीची असती तर कधीतरी एखादं पान तुमच्या बाजूलाही पडलं असतं. त्या रात्री मी रडले. तुम्ही गेल्यावर लोकांमध्ये रडले होते, पण हे रडणं वेगळं होतं, त्यात छातीवरचं काहीतरी उतरत गेलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, या माणसानं आपल्याला कधी दोन गोड शब्द दिले नाहीत. आणि त्या माणसानं दर आठवड्याला माझ्यापुढं बेल ठेवला होता. माझे पाय भिजवून का होईना. मला हे तुम्हाला तोंडावर म्हणायचं होतं. तुम्ही नक्की साकु म्हणून उठून गेला असतात.

बादलीतला लगदा मी बेलाच्याच बुंध्याशी घातला. जावेदनं भोक तारेनं मोकळं केलं आणि जाळीच्या आतून मच्छरदाणीची बारीक जाळी बसवून दिली. आता तांब्याभर पाणी घातलं की सगळं चाकामागून खाली पडतं. नुसतं ते बघायला शेजारपाजारच्या चार बाया येऊन गेल्या.

परवा सोमवार होता आणि आभाळ सकाळपासून भरलेलं. मी म्हटलं, हाच दिवस. सुरेखा मागच्या सीटवर खोके धरून बसली. एक खोका मी मुद्दाम पुढं डाव्या बाजूला, जिथं डबकं व्हायचं त्याच जागी ठेवला. ती म्हणाली, वैनी, तो मागं घेऊ का? नको म्हटलं. गाडी रस्त्याकडं तोंड करून होती, शेवटची तुम्हीच लावलेली. मला नुसतं पुढं जायचं होतं.

अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. काचेवर असा कोसळला की वायपर पुरेनात. ट्रक अंगावरून पाणी उडवून जात होते आणि माझा जीव टांगणीला. निम्मं लक्ष रस्त्यावर, निम्मं त्या खोक्याकडं. वाकून मॅटला हात लावायचा मोह होत होता. सुरेखा मागून ओरडली, वैनी, पुढं बघा. बघितलं. तुमच्यासारखीच हळू चालवली, मागच्यांचे हॉर्न ऐकत.

धाब्यावर पोचल्यावर तोच खोका आधी उतरवला. धाबेवाल्यानं मला बघितलं, मागं तुम्हाला शोधलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं टोपी काढली. मी खोका उघडला आणि वरची भाकरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी मोडली. कडकन आवाज झाला, शेजारच्या टेबलवरच्या ड्रायव्हरनं मान वळवली. धाबेवाला म्हणाला, "मला वाटलं अण्णा गेले आन भाकरी बी गेली. न्हाय. भाकरी हाय." मग त्यानं बायकोला हाक मारून आम्हा दोघींना चहा द्यायला सांगितला.

निघताना पुढं ट्रक आडवा लागलेला. मागं घेतल्याशिवाय सुटका नव्हती. सुरेखा पावसात मागं उभी राहून हात हलवत होती, या, या, अजून या. मी घेतली, अहो. कुठं काही फुटलं नाही. पुढचा महिना माझा मीच आणला.

घरी आल्यावर मॅट उचलली, हात सपाट पत्र्यावर ठेवला. कोरडा. येताना जार भरून आणला होता, तो डाव्या सीटच्या पायाशी ठेवला होता आणि त्याचं झाकण चांगलं घट्ट आहे, तुमच्या माहितीसाठी. मल्लूला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, पाऊस होता? मी म्हटलं, सुरेखाला विचार. तो हसला आणि म्हणाला, ठेव आई. गिऱ्हाइकाला त्यानं नाही सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. त्या सोमवारी सकाळी निघायच्या आधी मीही बेल तोडला. पान हातात घेऊन उभी राहिले आणि कुठं ठेवावं कळेना. आता स्टिअरिंगपाशी मी बसणार, तुमच्या रीतीनं ते उजवीकडं, माझ्या बाजूला हवं. झाडाकडून आलं की तीच बाजू आधी येते. पण मी बोनेटला वळसा घातला. जाळीत नाही खोचलं, ते आता बंद. आत, काचेमागं, डाव्या रिकाम्या सीटसमोर ठेवलं.

तिथं बसत जा आता. पाय ओले होणार नाहीत.